गुडघे दाखवा

९ जानेवारी

दादा,

तीर्थरूप वगैरे लिहीत नाही, तुझ्यामाझ्यात ते कधी नव्हतंच. आई गेली तेव्हा तू आलास, फाटकाबाहेर उभा राहिलास आणि बाबा दारात आले तसा पाठ फिरवून निघून गेलास. त्यानंतर आपलं बोलणं म्हणजे वर्षाकाठी एखादा फोन. "बरं आहे ना सगळं?" "हो, तुझं?" आणि लगेच तुझ्या दुकानात गिऱ्हाईक आलेलं असतं. म्हणून फोन करत नाही. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

ताकाला जाऊन भांडं लपवत नाही, काम आहे. तुझी कोपरं, गुडघे आणि कानामागची कातडी आरशात नीट बघ. वहिनीला सांग, तुझं डोकं उजेडात बघायला. नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे आहेत का तेही बघ. दिवसभर लोकांच्या नाकांवर चष्मे बसवतोस, एकदा स्वतःकडे बघ आणि काय दिसतं ते मला कळव. हे मी विचारत नाहीये, डॉक्टर विचारताहेत.

झालं असं, की माझ्या डाव्या हाताचं मधलं बोट सुजलं. एक सांधा नाही, आख्खं बोट. मी म्हटलं, रबरी हातोडी बसली असेल, ध्यानात राहिलं नसेल. पण सूज उतरेना. सकाळी थापी धरता यायची नाही, दुपारपर्यंत जरा सैल व्हायचं. शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बोट बघितलं आणि मग बोट सोडून नखंच बघत बसले. बाही वर करायला सांगितली, कोपर बघितलं, विचारलं, हे कधीपासून? मी म्हटलं, ते काही नाही, घट्टा आहे, आमच्या धंद्यात असायचाच. ते म्हणाले, असेल, पण शेजारच्या खोलीत एकदा दाखवून या.

शेजारच्या खोलीत त्वचेच्या डॉक्टरीणबाई. वयाने माझ्याहून लहान, बोलणं सावकाश. त्यांना मी जे सांगितलं ते तुला माहीतच आहे. तरी जसं सांगितलं तसं लिहिते, कारण सांगता सांगता माझं मलाच ते विचित्र वाटायला लागलं. मी म्हटलं, आमचे वडील फरशी बसवायचे, मीही बसवते. वडिलांचा एक नियम होता. कामावर घेतलेल्या माणसाला वर्ष झालं की त्याला पँट वर करायला लावायची. "गुडघे दाखवा." जाड, पांढरट, खरखरीत घट्टा आला असेल तर माणूस कामाचा. गुडघा कोवळा राहिला असेल तर तो अंग चोरतो. माझ्या गुडघ्यांना पहिल्या सहा महिन्यांतच घट्टे आले, वडिलांनी ते सगळ्या गड्यांना बोलावून दाखवले. माझ्या मोठ्या भावाने कितीतरी वर्षं काम केलं, त्याला ते आलेच नाहीत. म्हणून वडिलांनी त्याला धंद्यातून काढलं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग एका काचेच्या पट्टीने त्यांनी कोपरावरची खपली हलकेच खरवडली. मेणबत्ती खरवडावी तसे पांढरे पापुद्रे निघाले आणि त्यांच्याखाली रक्ताचे बारीक ठिपके उठले. त्यांनी माझ्या कानांमागे बघितलं, केसांत बघितलं, पाठीवर बघितलं. मग बेंबी बघितली. दादा, बेंबीतसुद्धा लाल चट्टा होता, वर खवले. मी कधी लक्षच दिलं नव्हतं.

"तुम्ही फरशी बसवताना बेंबीवर टेकता का?" त्यांनी विचारलं.

मी हसले. त्या हसल्या नाहीत. हा घट्टा नव्हे, सोरायसिस आहे, म्हणाल्या. अंगाचं रक्षण करणारी यंत्रणा आपल्याच अंगावर उलटते. मग कातडी घाईघाईने नवी होत राहते आणि जुनी गळून पडायच्या आत थरावर थर साचतात. एकाचा दुसऱ्याला लागत नाही, पण घराण्यात चालत येऊ शकतो. जिथे घासतं, जिथे लागतं, तिथे तो आवर्जून उमटतो, म्हणून गुडघे. बोटाची सूजही त्याचीच, आता तो सांध्यांत उतरलाय आणि वेळेवर आवरला नाही तर बोटं वाकडी करून ठेवतो. खात्रीसाठी पाठीवरच्या चट्ट्याचा मुगाएवढा तुकडा काढून तपासायला पाठवला आहे. आणि मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कोणाला?

म्हणून तुझी कोपरं हवीत. पण दादा, बाकी काही वाचलं नाहीस तरी एवढं वाच. ते घट्टे कधीच नव्हते.

तुझी,
बारकी

२ फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही. हरकत नाही. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, ही आपल्या घराची रीत आहे आणि ती मात्र तुझ्यात पुरेपूर उतरली आहे.

तपासणीचा निकाल आला. तोच आहे. मी घरी येऊन आमच्या नळवाल्यांना सांगितलं. (नवऱ्याला मी अजून नळवालेच म्हणते. लग्नाआधी ज्या न्हाणीघरात भेट झाली तिथे माझी फरशी आणि त्यांचा नळ होता, आणि त्यांनी नळासाठी माझी नवी फरशी फोडली होती.) ते म्हणाले, मग आता काय करायचं? हे असं बिनघोर विचारणारं माणूस घरात असणं किती बरं असतं ते मला त्या दिवशी कळलं.

करायचं पुष्कळ आहे. अंघोळीनंतर अंग ओलं आहे तोवर जाड मलम चोपडायचं, म्हणजे कातडी तडकत नाही. चट्ट्यांवर दोन वेगळी औषधी मलमं, सांगितलेल्या जागी, सांगितली तेवढीच. डोक्याला डांबराचा वास येणारं औषध. नळवाले म्हणतात, घरात नवा रस्ता झालाय. बोटासाठी एक गोळी आहे, ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. डॉक्टरीणबाईंनी हे मला तीनदा सांगितलं आणि माझ्याकडून वदवून घेतलं, कारण लोक ती रोज घेतात आणि जिवावर बेततं. दारू वर्ज्य, आणखी मूल होऊ द्यायचं नाही, रक्त तपासत राहायचं. गोळीच्या दिवशी नळवाले विचारतात, घेतलीस का? बाकीच्या दिवशी विचारतात, घेतली नाहीस ना?

हा कायमचा जाणारा आजार नाही, हेही त्यांनी मला सरळ सांगून टाकलं. आवरता येतो, घालवता येत नाही. पाठीवरचा चट्टा मी इतकी वर्षं नायटा समजत होते. औषधाच्या दुकानातून नायट्याचं मलम आणून लावायचे, तो मावळायचा आणि सोडलं की दुपटीने उठायचा. तेही मी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, आता नका लावू.

आणि गुडघ्यांना गाद्या बांधायला सांगितल्या. नाही बांधल्या तर औषधाने जे बसवू ते फरशी पुन्हा उठवेल, म्हणाल्या.

आता तू हे वाचून काय करशील ते मला दिसतंय. हसशील, आणि ते हसणं काही बरं नसेल. जुन्या गादीचा फोम कापून, वरून कातडं शिवून तू गुडघ्यांना बांधायच्या गाद्या केल्या होत्यास. शिवण इतकी सुबक की मी म्हटलं होतं, मलाही कर. त्या गुडघ्यांच्या तपासणीच्या दिवशी बाबांनी त्या तुझ्या पायांवरून ओढून काढल्या आणि कालवलेल्या सिमेंटच्या घमेल्यात टाकल्या. सगळ्यांसमोर म्हणाले, "साहेबाचे गुडघे आहेत तुझे. हे काम तुझं नव्हे." मी शेजारीच होते, पँट गुडघ्यांवर घेऊन, सोळा वर्षांची, बक्षीस मिळालेली. तू कोणाकडेच बघितलं नाहीस. आठवडाभरात तुझी पेटी गेली आणि तूही गेलास.

परवा मी गाद्या बांधून कामावर गेले. बाबा आता काम करत नाहीत, पण कामावर येतात, खुर्ची टाकून बसतात आणि माझ्या प्रत्येक फरशीकडे ती चोरीची असल्यासारखं बघतात. गाद्या बघितल्या. मी वाट बघत होते, आता बोलतील, मग बोलतील. मग मीच सगळं सांगितलं. सोरायसिस, बेंबी, सगळं. ते म्हणाले, "डॉक्टरांना फरशीतलं काय कळतं. घट्टा आहे तो." आणि भर उन्हात शर्टाच्या बाह्यांची बटणं लावून घेतली.

बाबांना तू कधी अर्ध्या बाह्यांत बघितलं आहेस का? मी आठवून आठवून थकले.

कोपरं कळव.

बारकी

१९ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र मिळालं. नळवाल्यांनी आणून दिलं आणि मी हात न धुता फोडलं, त्यामुळे त्याच्या कडेला सिमेंट लागलंय.

कोपरं स्वच्छ, गुडघे स्वच्छ, नखं स्वच्छ. "डोक्यावर टक्कल आहे, तिथे कशालाच लपायला जागा नाही." तुला विनोद करता येतो हे मी विसरून गेले होते. डॉक्टरीणबाईंना कळवलं.

पुढच्या ओळी मी किती वेळा वाचल्या ते सांगत नाही. तू लिहितोस, गुडघ्यांचं खोटं होतं हे कळून बरं वाटेल असं तुला वाटलं होतं, पण तसं झालं नाही. गुडघ्यांवर तुझा विश्वास तेव्हाही नव्हता. तुला वाटायचं, गुडघे हे निमित्त आहे, बाबांना मुळात तुझं कामच पसंत नाही आणि तोंडावर सांगवत नाही. आणि मग ते एक वाक्य. "बाबांना एवढंच विचार, माझं काम चांगलं होतं की नव्हतं?"

अरे, तू लोकांच्या नजरेचा नंबर काढतोस. काच केसाइतकी हलली तरी तुला कळतं. आणि स्वतःच्या हाताचं तुला अजून दुसऱ्याला विचारावं लागतं. मला वाचून रडू आलं, मग तुझा राग आला, मग पुन्हा रडू आलं.

मी सांगू? वाचनालयाच्या मोठ्या खोलीची फरशी तुझी. मागच्या वर्षी तिथे कपाटं हलवायची होती म्हणून मला बोलावलं होतं. मी ओणवी होऊन पातळी लावली. चारी बाजूंना पट्टीतला बुडबुडा मध्यावर. एक फरशी पोकळ वाजत नाही, एक सांधा उघडला नाही. ग्रंथपाल म्हणाल्या, ही कोणी बसवली हो, पाणी सांडलं तर जागच्या जागी राहतं. मी म्हटलं, आमच्या भावाने. पण माझं तू धरणार नाहीस. तुला त्यांच्या तोंडून हवंय. मी विचारीन.

बोट उतरायला लागलंय. कोपरावरचे थर गेले, आता नुसता गुलाबी डाग आहे. कितीतरी वर्षांनी माझं कोपर टेबलावर टेकलं तर आवाज होत नाही.

बारकी

१० मार्च

दादा,

विचारलं.

जेवण झाल्यावर विचारलं, म्हणजे ताटावरून उठायचं निमित्त नको. मी म्हटलं, दादाने विचारलंय. तुझं नाव घेतल्याबरोबर त्यांनी तोंड फिरवलं. त्यांनी विचारलं, त्याच्या अंगावर काही आहे का? मी म्हटलं, काही नाही, पूर्ण स्वच्छ आहे. यावर त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. मला वाटलं, झोप लागली. मी पुन्हा विचारलं, त्याचं काम चांगलं होतं की नव्हतं? तर म्हणाले, जुनं काय उकरतेस.

मग माझी जीभ सुटली. तुला माहीत आहे, मला तोंडावर ताबा नाही. मी म्हटलं, "तुम्ही आजाराला शाबासकी दिलीत आणि माणसाला हाकलून दिलंत." नळवाले उठून स्वयंपाकघरात गेले आणि नसलेली भांडी घासायला लागले. त्या दिवसापासून बाबा माझ्याशी नळवाल्यांमार्फत बोलतात. "तिला सांग, चहात साखर कमी आहे." मी समोर उभी असते. मग मी नळवाल्यांना सांगते, त्यांना सांगा, साखरेचा डबा त्यांच्या हाताशी आहे.

पण परवा त्यांच्या हातून कप पडला. चहा सगळा पायावर. कप सुटला नव्हता, दादा, तो धरलाच गेला नव्हता. मी पुसायला बसले आणि पहिल्यांदा त्यांची बोटं जवळून बघितली. टोकाचे सांधे वाकडे, नखं जाड, पिवळी, खड्ड्याखड्ड्यांची. आपण त्याला म्हातारपण म्हणत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी तुझी कोपरं पत्राने मागवत होते आणि रोज ज्यांना चहा देते त्यांची बोटं बघितली नव्हती.

मी म्हटलं, बाबा, उद्या माझ्याबरोबर चला. भिंतीकडे बघून ते नळवाल्यांना म्हणाले, "तिला सांग, बोटं दाखवीन. कपडे काढणार नाही."

बारकी

२४ मार्च

दादा,

बाबांना दाखवून आणलं. त्यांना आहेच, पुष्कळ आहे. पाठ तर भरलेली. वयामुळे माझी गोळी त्यांना देण्याआधी लिव्हर आणि किडनी नीट तपासणार आहेत. तोवर मलमं, आणि आठवड्यातून काही वेळा उजेडाच्या पेटीत उभं राहायचं. उभ्या कपाटासारखी असते, आत चारी बाजूंना निळसर नळ्या. डोळ्यांना काळा चष्मा. बाबा तुझ्या दुकानात शोभतील असे दिसत होते.

वाकलेली बोटं सरळ होणार नाहीत. दुखणं मात्र कमी होईल.

माझं बोट आता मिटतं. एका शाळेच्या पायऱ्यांचं काम घेतलंय. इकडे हवा बरी आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. आज लिहीत नाही. मला राग आलाय आणि तो कोणाचा आहे हे मला ठरवता येत नाहीये. ठरलं की लिहीन.

बारकी

६ एप्रिल

दादा,

ठरलं नाही, तरी लिहिते. तुझं दोन ओळींचं पत्र आलं, "काय असेल ते लिही, मी आता लहान नाही." बरोबर आहे. मीच लहान झाले होते.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत बाबांनी आधी नुसती बोटं पुढे केली. बाईंनी ती हातात घेतली, हातमोजे न घालता, आणि घेऊनच बसल्या. त्यांनी विचारलं, हे कधीपासून? बाबा म्हणाले, बोटं दहा-बारा वर्षं. आणि कातडी? बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मी बाहेर थांबते. ते म्हणाले, "थांब." पुष्कळ दिवसांनी माझ्याशी सरळ बोललेला तो पहिला शब्द.

मग त्यांनी सांगितलं. एकोणिसाव्या वर्षापासून. फरशीला हात लावायच्या आधीपासून, दादा. तेव्हा ते एका खानावळीत चहा द्यायचे. कोपरांवर चट्टे आले, मग मानेवर. एका गिऱ्हाइकाने कप परत केला. मालकाने आधी पूर्ण बाह्यांचा शर्ट दिला, मग भांड्यांवर बसवलं, मग घरी पाठवलं. पुढे एका कापडदुकानात लागले, तिथेही तेच. मग कुठेच उभं करेनात. शेवटी एका इमारतीत माणसं हवी होती म्हणून गेले, तर तिथल्या मुकादमाने पँट वर सरकलेली बघितली आणि विचारलं, आधी कुठे फरशी बसवली आहेस? घट्टे चांगले आहेत. बाबा म्हणाले, बसवली आहे. थापी कशी धरतात हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं. शेजारच्या माणसाचं बघून बघून काम शिकले.

जगात एवढी एकच जागा होती जिथे त्या गुडघ्यांची लाज वाटायची नाही. म्हणून त्यांनी तिचा अभिमान केला. झाकली मूठ झाकलीच राहिली. आईला माहीत होतं, आणखी कोणालाच नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा स्पर्शाने होत नाही. तुमच्या हातच्या चहाने कोणालाही काही झालं नसतं." बाबांनी ऐकलं आणि शर्टाची बटणं काढायला सुरुवात केली. बोटांनी निघेनात. मी काढली.

मी ती पाठ बघितली, दादा. आई गेल्यापासून तिथे कोणाचा हात पोचलेला नव्हता.

बाहेर येऊन आम्ही बाकावर बसलो, औषधं मिळायला वेळ होता. तिथे मी म्हटलं, मग तुम्हाला माहीत होतं. माझे ते घट्टे नाहीत हे तेव्हाच माहीत होतं. ते हो म्हणाले. माझ्या कोपरावर पहिला डाग दिसला तेव्हाच त्यांनी ओळखलं. त्यांना वाटलं, पोरगी आहे, हिच्यावर तर आपल्याहून वाईट वेळ येणार, हिला कोणी दारात उभं करणार नाही. हिच्यासाठी आपली सावली आणि आपला धंदा एवढंच आहे. थोरला आहे तोवर धंदा थोरल्याचा, ही त्याच्या हाताखाली, उद्या त्याच्या बायकामुलांच्या हाताखाली. त्याचं अंग स्वच्छ आहे, त्याला सगळं जग मोकळं आहे. एकाला जायला हवं होतं, तर ज्याला कुठेही जाता येईल त्याने जावं.

मी विचारलं, मग तसं सांगितलं का नाही त्याला? ते म्हणाले, सांगितलं असतं तर तो गेला नसता. बहिणीला सांभाळतो म्हणाला असता. आणि मला तुझ्याबद्दल सांगावं लागलं असतं, म्हणजे माझ्याबद्दलही.

मग मी तुझा प्रश्न विचारला, तुझ्याच शब्दांत. जे म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते, त्यात माझा एक शब्द नाही.

"माझ्याहून चांगलं होतं. म्हणून तर गुडघ्यांवर गेलो. कामात खोट काढली असती तर त्याने ती सुधारली असती आणि राहिला असता. गुडघे त्याला सुधारता आले नसते."

आणि मग ते रडले, दादा. बाकावर, सगळ्यांसमोर, अर्धी बटणं लावलेली. औषधाच्या खिडकीतून त्यांचा नंबर पुकारला, कोणीच उठलं नाही.

तुला हे वाचून काय होईल मला ठाऊक नाही. तू त्यांना माफ कर असं मी म्हणणार नाही. मी स्वतः अजून केलेलं नाही. तुझ्यासारख्या माणसाला बावीस वर्षं त्यांनी एका खोट्या वाक्यावर काढायला लावली, प्रेमाने केलं म्हणून ते खरं होत नाही. मी त्यांना हेही सांगितलं. ते म्हणाले, हो. रोज त्यांच्या पाठीला मलम लावते आणि लावता लावता भांडते. ते आता नळवाल्यांना मध्ये घेत नाहीत, सरळ मलाच उलट बोलतात. पाठ पुष्कळ निवळली आहे. काल अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणून दिला, तर घातला आणि दिवसभर हातांची घडी घालून बसले.

आता माझं. माझ्याबद्दल तू विचारलं नाहीस, पण तुझ्या लक्षात आलं असेल. सोळाव्या वर्षापासून मी बाबांनी निवडलेली फरशीवाली होते. सगळ्यांसमोर गुडघे दाखवून निवडलेली. त्या जोरावर मी बाई म्हणून हसणाऱ्या ठेकेदारांना पुरून उरले, उन्हात, थंडीत, बाळंतपणानंतर चाळीस दिवसांत पुन्हा ओणवी झाले. आणि आता कळतं की मी निवडलेली नव्हते, ठेवून घेतलेली होते. कुठे जाणार बिचारी, म्हणून.

माझं काम बरं आहे, असं लोक म्हणतात. मला बोलावणी येतात, एकदा काम केलं तिथून पुन्हा येतात. हे सगळं मला माहीत आहे. तुलाही तुझं माहीत होतं, नाही का? तरी तू विचारलंस.

बाकावर तुझा प्रश्न मी विचारला. माझाही तोच होता, तो जिभेवर आला आणि मी गिळला. त्यानंतर रोज मलम लावताना विचारायचं ठरवते आणि साखरेवरून भांडते. एवढी तोंडाळ मी, मला धीर होत नाही.

तुझा मी विचारला. आता माझा विचारायला तू ये.

बारकी